आपला केसपेपर आपल्याबरोबर का येत नाही?

सोलापुरातील कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळच्या वेळी गेल्यास एक गोष्ट हमखास दिसते. बाकावर बसलेल्या नातेवाइकाच्या मांडीवर एक पिशवी असते. तीत चार घड्या पडलेले केसपेपर, रक्त-लघवीचे रिपोर्ट, अक्षरे उडालेली ईसीजीची पट्टी, एक्स-रेचे मोठे पाकीट आणि गोळ्यांची अर्धी कापलेली पाकिटे असा सारा संसार कोंबलेला असतो. डॉक्टर विचारतात, "मागे कोणती गोळी चालू होती?" पिशवी टेबलावर रिकामी होते. नेमका तोच कागद तीत नसतो. तो गावी ट्रंकेत राहिलेला असतो, नाहीतर आधीच्या दवाखान्याने ठेवून घेतलेला असतो. "पांढरी, बारीक गोळी होती, सकाळी एक घ्यायचो," एवढेच उत्तर मिळते. पांढऱ्या, बारीक गोळ्या शेकडो आहेत.

याचा भुर्दंड दोन ठिकाणी पडतो. खिशाला पडतो, कारण आठ दिवसांपूर्वी केलेली रक्ततपासणी आणि सोनोग्राफी पुन्हा करावी लागते. पण खरा भुर्दंड जिवाला पडतो. हृदयाची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णास रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असते. हे नव्या डॉक्टरांना कळले नाही आणि गुडघेदुखीसाठी एखादे नेहमीचे वेदनाशामक औषध दिले गेले, तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो. एखाद्याला पेनिसिलिनची ॲलर्जी असते. एखाद्याचे मूत्रपिंड आधीच क्षीण झालेले असते. रुग्ण शुद्धीवर नसेल तर हे सांगणार कोण?

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न जरा जास्तच जाणवतो. सोलापूरला रुग्ण येतात ते केवळ अक्कलकोट, मंगळवेढा, मोहोळहून नव्हे. धाराशिव, तुळजापूर आणि सीमेपलीकडच्या कलबुर्गी, विजयपूर भागातूनही येतात. आपल्याकडची तेलुगूभाषक कुटुंबे मोठ्या उपचारासाठी हैदराबाद गाठतात, इतर पुण्याला जातात. आषाढीला पंढरपुरात लाखो वारकरी असतात. त्यांतील किती वृद्ध मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण असतील, याचा अंदाज वाचकांनीच करावा. चालत आलेल्या वारकऱ्याच्या खांद्यावर पताका असते, फाईल नसते.

आता वाचक म्हणतील, रुग्णालयांत संगणक आले आहेत की! आले आहेत, हे खरेच. बिल संगणकावर निघते, रिपोर्ट संगणकावर छापला जातो. मग एका रुग्णालयाच्या संगणकातील माहिती दुसऱ्याच्या संगणकात का जात नाही?

कुर्डुवाडीची अदलाबदल

याचे उत्तर आपल्या जिल्ह्यातील जुन्या मंडळींना चटकन पटेल, कारण त्यांनी कुर्डुवाडी पाहिलेली आहे. बार्शी लाईट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली. तिच्या दोन रुळांमधील अंतर अडीच फूट होते. मुंबईहून मद्रासकडे जाणाऱ्या मुख्य लोहमार्गाच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट. दोन्ही गाड्या आपापल्या मार्गावर व्यवस्थित चालत. दोष कोणाच्याच इंजिनात नव्हता. पण कुर्डुवाडीला उतारूंना गाडी बदलावी लागे, आणि मालाचे प्रत्येक पोते एका डब्यातून काढून दुसऱ्यात भरावे लागे. वेळ जाई, हमाली पडे, पोती फुटत. हे दुखणे संपायला २००० नंतर टप्प्याटप्प्याने झालेल्या रुंदीकरणाची वाट पाहावी लागली.

आज रुग्णालयांच्या संगणकांची स्थिती नेमकी हीच आहे. प्रत्येकाने आपल्या सोयीने प्रणाली विकत घेतली, प्रत्येकाचे रूळ वेगळे. कुर्डुवाडीचा हमाल म्हणजे पिशवी घेऊन फिरणारा नातेवाईक. सर्वांनी एकाच मापाचे रूळ टाकावेत, म्हणजे एका ठिकाणची नोंद दुसऱ्या ठिकाणी जशीच्या तशी जाईल आणि वाचता येईल, या गोष्टीला इंग्रजीत 'इंटरऑपरेबिलिटी' असा जीभ अडखळवणारा शब्द आहे. आपण 'परस्परजोडणी' म्हणू.

रुळांचे माप फुटांत मोजता येते. रोगांचे तसे नाही, आणि खरी गंमत येथेच आहे. हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला तर एक डॉक्टर 'एमआय' लिहितात, दुसरे 'हार्ट अटॅक', तिसरे 'कोरोनरी अटॅक'. माणसाला तिन्ही कळतात. संगणकाला ते तीन वेगळे रोग वाटतात. उलटही होते. 'पीआयडी' ही तीन अक्षरे स्त्रीरोगतज्ज्ञांनी लिहिली तर ओटीपोटातील जंतुसंसर्ग, आणि अस्थिरोगतज्ज्ञांनी लिहिली तर मणक्यामधील सरकलेली चकती! नुसती अक्षरे पाठवून भागत नाही, हे यावरून लक्षात यावे.

आकड्यांचेही तेच. उपाशीपोटी रक्तातील साखर १२६ किंवा त्याहून अधिक भरली तर मधुमेहाचा विचार करावा लागतो, हे आपल्याकडे बहुतेकांना पाठ असते. हे माप मिलिग्रॅममध्ये, एक डेसिलिटर रक्तासाठी. लंडनला असलेल्या मुलाकडे राहून आलेल्या वडिलांच्या रिपोर्टवर मात्र ७ असा आकडा असतो. तेथे मिलिमोलमध्ये, एका लिटरसाठी मोजतात. ७ आणि १२६ ही एकच साखर! एकक न पाहता आकडा उचलला तर घोटाळा ठरलेला.

म्हणून जगभरच्या तज्ज्ञांनी प्रत्येक गोष्टीला क्रमांक देऊन टाकले. 'स्नोमेड सीटी' हा वैद्यकीय संज्ञांचा एक अवाढव्य कोश आहे. त्यात हृदयविकाराच्या झटक्याचा क्रमांक २२२९८००६. डॉक्टर काहीही लिहोत, संगणकाने हा क्रमांक जोडला की सोलापूर, हैदराबाद आणि लंडन या तिन्ही ठिकाणी अर्थ एकच. प्रयोगशाळेतील तपासण्यांसाठी 'लॉइंक' नावाची दुसरी यादी आहे. उपाशीपोटी साखरेचा तिच्यातील क्रमांक १५५८-६. सुतामध्ये वावरणाऱ्या सोलापूरकरांना हे नवे वाटू नये. सुताचा काउंट सांगितला की परगावचा व्यापारी माल न पाहताही सूत कसे असेल ते ओळखतो, तसेच हे.

यातली सर्वांत यशस्वी कथा एक्स-रे आणि स्कॅनची आहे. पूर्वी एका कंपनीच्या यंत्रावर काढलेला स्कॅन दुसऱ्या कंपनीच्या पडद्यावर दिसत नसे. १९८३ मध्ये अमेरिकेतील क्ष-किरणतज्ज्ञांची संघटना आणि यंत्रे बनविणारे कारखानदार एकत्र बसले, १९८५ मध्ये पहिले मानक निघाले आणि १९९३ मध्ये त्याला 'डायकॉम' हे रूप मिळाले. आज सोलापुरात काढलेल्या सीटी स्कॅनची सीडी पुण्याच्या शल्यचिकित्सकाच्या संगणकावर उघडते, ती यामुळेच. कोणी उपकार म्हणून केलेले नाही. ग्राहक डॉक्टरांनी आग्रह धरला, म्हणून कारखानदार वाकले.

दिल्लीने काय ठरविले

आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रुग्णांच्या संगणकीय नोंदींची मानके प्रथम सप्टेंबर २०१३ मध्ये जाहीर केली आणि डिसेंबर २०१६ मध्ये सुधारली. स्नोमेड सीटीचे सदस्यत्व देशाने २०१४ मध्ये घेतले. त्याचे राष्ट्रीय केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे, आणि भारतातील कोणताही दवाखाना हा कोश विनामूल्य वापरू शकतो. या मानकांतील एक वाक्य प्रत्येक वाचकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. नोंद रुग्णालयाने केलेली असली तरी तीतील माहिती रुग्णाच्या मालकीची असून रुग्णालय केवळ विश्वस्त आहे, असा त्याचा आशय. 'आमची फाईल आहे, देता येणार नाही,' हे उत्तर त्यात बसत नाही.

यानंतर १५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियानाची घोषणा झाली. सहा केंद्रशासित प्रदेशांत प्रयोग करून २७ सप्टेंबर २०२१ रोजी ते 'आयुष्मान भारत डिजिटल मिशन' या नावाने देशभर सुरू झाले. रुग्णाला एक क्रमांक, डॉक्टरांची एक यादी, रुग्णालयांची एक यादी, आणि माहिती पाठविण्याची एक ठरीव पद्धत, अशी ही रचना आहे. माहिती ज्या साच्यात पाठवायची त्याचे नाव 'फायर'. (आगीशी संबंध नाही, इंग्रजी आद्याक्षरे तशी जुळली आहेत!) पाकिटावर पत्ता कोठे, पिनकोड कोठे हे टपाल खात्याने ठरवून द्यावे, तसा हा साचा.

यातला एक निर्णय मला शहाणपणाचा वाटतो. सगळ्या देशाच्या नोंदी दिल्लीतील एका मोठ्या संगणकात गोळा करायच्या नाहीत, असे ठरले. सोलापूरच्या रुग्णालयातील नोंद सोलापुरातच राहील. रुग्णाने संमती दिली तरच ती मागणाऱ्या डॉक्टरकडे जाईल. इंग्लंडने २००२ मध्ये सरकारी आरोग्यसेवेसाठी वरून लादलेली प्रचंड संगणक योजना हाती घेतली होती. अब्जावधी पौंड खर्चून २०११ मध्ये ती मोडीत काढावी लागली. अमेरिकेने २००९ च्या कायद्याने डॉक्टरांना संगणकीय नोंदी ठेवण्यासाठी पैसे दिले. संगणक घरोघरी पोहोचले, पण एकमेकांशी बोलेनात. शेवटी २०१६ मध्ये, माहिती अडवून धरणाऱ्यांविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

ही अडवणूक आपल्याकडेही संभवते. रुग्णाची फाईल सहज हलू लागली की रुग्णही सहज हलतो, हे कोणत्याही धंद्याच्या जागी न कळण्यासारखे नाही. शिवाय एका सकाळी साठ-सत्तर रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरने टंकलेखन कधी करावे, हाही रास्त प्रश्न आहे. या अभियानात सहभाग ऐच्छिक आहे. रुग्णालयांनी यावे म्हणून जानेवारी २०२३ पासून केंद्राने प्रोत्साहनपर रक्कम देऊ केली. तरीही दहा खाटांच्या नर्सिंग होममध्ये आणि गल्लीतल्या प्रयोगशाळेत जोवर हे रूळ पोहोचत नाहीत, तोवर मुख्य मार्ग कितीही रुंद असला तरी आपली गाडी कुर्डुवाडीलाच अडणार.

'आभा' म्हणजे पाच लाखांचा विमा नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यापायी ऐन वेळी रुग्णालयाच्या काउंटरवर भांडणे होतात. 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक आहे. त्याचे कार्ड दाखवून एक रुपयाचाही मोफत उपचार मिळत नाही. पाच लाखांपर्यंतच्या उपचारासाठी असते ते 'आयुष्मान कार्ड', आणि ती प्रधानमंत्री जन आरोग्य योजना वेगळी. आपल्या राज्यात ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेबरोबर राबविली जाते. दोन्ही कार्डांवर 'आयुष्मान भारत' छापलेले असते, म्हणून घोटाळा होतो. दाखल होण्यापूर्वी आरोग्यमित्राला नीट विचारून घ्यावे.

फुले योजनेवरून आठवले. ती २ जुलै २०१२ रोजी 'राजीव गांधी जीवनदायी' या नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत सोलापूर होते. म्हणजे रुग्णाचे रिपोर्ट संगणकावरून मुंबईला पाठवून मंजुरी मागविण्याचा सराव आपल्या रुग्णालयांना तेव्हापासून आहे. पण ते रिपोर्ट पैशाच्या मंजुरीसाठी गेले. मंजुरी मिळाली, काम संपले. त्याच रुग्णाला दोन वर्षांनी पुन्हा छातीत दुखले, तर नव्या डॉक्टरांच्या हाती तो कागद येईलच असे नाही. बिलासाठी जो रस्ता झाला, तो उपचारासाठी होऊ नये, हे खटकणारे आहे.

आभा क्रमांक २०२५ च्या सुरुवातीपर्यंत देशात ७० कोटींहून अधिक लोकांचे निघाले. गावोगावी आशाताईंनी आणि आरोग्य सेविकांनी उन्हातान्हात फिरून ते काढले. मात्र क्रमांक काढणे म्हणजे बँकेत खाते उघडणे. पासबुकात नोंदी पडल्या तर उपयोग. तेव्हा तुमच्या आभाला आजवर किती रिपोर्ट जोडले गेले, ते मोबाईलवरील ॲपमध्ये एकदा पाहा. बऱ्याच जणांना पान कोरे दिसेल. केसपेपर काढताना क्यूआर कोड दाखवून रांग टाळण्याची सोय झाली आहे. ती चांगली आहे, पण ती नाव-गाव पाठविण्याची सोय आहे, आजाराचा इतिहास पाठविण्याची नव्हे.

नोंद रुग्णाबरोबर गेली तर काय साधते, हे क्षयरोगात पाहता येते. आपल्या साखर कारखान्यांवर दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड मजूर येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. क्षयाचा साधा उपचारही किमान सहा महिन्यांचा. म्हणजे अर्धा उपचार गावी, अर्धा फडावर. मध्येच औषध सुटले तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, आणि मग तो आजार घरातल्या लेकरांपर्यंत जातो. २०१२ पासून क्षयरुग्णांची नोंद 'निक्षय' या देशव्यापी प्रणालीत होते. मजुराने आपला निक्षय क्रमांक दाखविला की त्याचा उपचार नव्या तालुक्यातील केंद्राकडे वर्ग करता येतो आणि औषध पुढे चालू राहते. ओळखीत कोणी ऊसतोडीला जाणारा क्षयरुग्ण असेल, तर निघण्यापूर्वी तो क्रमांक कागदावर लिहून त्याच्याजवळ द्यायला सांगा.

कुलूप आणि किल्ली

माहिती सहज हलू लागली की चोरीची भीती वाढते. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या एम्स रुग्णालयाच्या संगणकांवर हल्ला झाला. पाच सर्व्हरमधील माहिती हल्लेखोरांनी सांकेतिक कुलूप घालून अडकवून ठेवली. देशातील अग्रगण्य रुग्णालयात सुमारे दोन आठवडे हाताने केसपेपर लिहिण्याची वेळ आली. त्याआधी, जुलै २०२२ मध्ये आपल्या राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चालणारी संगणक प्रणाली बंद झाली, कारण ती चालविणाऱ्या खासगी कंपनीबरोबरची व्यवस्था संपुष्टात आली. तेथे चोर नव्हता, तरी वर्षानुवर्षांच्या नोंदी डॉक्टरांच्या हातून गेल्याच. माहिती सुरक्षित असणे म्हणजे ती चोराला न मिळणे, आणि हवी तेव्हा डॉक्टरला मिळणेही. दुसरी बाजू आपण विसरतो.

डिजिटल मिशनमध्ये किल्ली रुग्णाच्या हाती ठेवली आहे. डॉक्टरने नोंद मागितली की तुमच्या मोबाईलवर विचारणा येते. कोण मागतो, कशासाठी, कोणत्या काळातील नोंदी, आणि त्या किती दिवस पाहता येतील, हे तीत असते. तुम्ही होकार द्या, नकार द्या, किंवा दिलेला होकार नंतर मागे घ्या. आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

कागदावर हे उत्तम आहे. पण आपल्याकडे अनेक घरांत मोबाईल एकच असतो आणि तो घरातील कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो. सुनेच्या गर्भपाताची, मुलीच्या मानसोपचाराची, भावाच्या एचआयव्ही तपासणीची विचारणा त्या एका मोबाईलवर येणार असेल, तर किल्ली नेमकी कोणाच्या हाती? एचआयव्हीबाबतची गुप्तता पाळण्याचे बंधन २०१७ च्या कायद्याने घातले आहे. मानसिक आरोग्याच्या नोंदींबाबतही त्याच वर्षीचा कायदा आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा सर्वसाधारण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. एवढे कायदे असूनही घरातल्या खिशापर्यंत कायदा पोहोचत नाही. शक्य असेल त्या स्त्रीने आभासाठी स्वतःचाच मोबाईल क्रमांक द्यावा. ओटीपी कोणालाही, अगदी 'आरोग्य खात्यातून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही, फोनवर सांगू नये. आणि रिपोर्टचे फोटो नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्याची सवय सोडावी. तेथे एकदा गेलेला कागद परत मागता येत नाही.

तोवर पिशवीचे काय?

पिशवी टाकू नका. ती नीट लावा. सर्वांत वर एक साधा कागद ठेवा: नाव, वय, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, कोणते जुने आजार, झालेल्या शस्त्रक्रिया व त्यांची वर्षे, आणि सध्या चालू असलेल्या औषधांची नावे मात्रेसह. वारीला किंवा लग्नाकार्याला परगावी जाताना त्याची एक प्रत खिशात ठेवा. ईसीजीची अक्षरे काही वर्षांत उडतात, म्हणून तिची झेरॉक्स त्याच आठवड्यात काढावी. रुग्णालयातून घरी सोडताना मिळणारे डिस्चार्ज कार्ड जागेवरच वाचून पाहावे. त्यात रोगाचे पूर्ण नाव आहे का, की नुसती आद्याक्षरे आहेत? तपासणीच्या आकड्यापुढे एकक आहे का? नसेल तर लिहून मागावे. आभा असेल तर "याला जोडून द्या," असे सांगावे. रुग्णच मागू लागले, तर दवाखाने शिकतील.

मूळ कागद मिळत नसतील तर एक नियम हाताशी असू द्यावा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे जपायच्या असतात, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यास ७२ तासांत द्यायच्या असतात. हे नियम आजही लागू आहेत. अर्ज साध्या कागदावर, मराठीत केला तरी चालतो. त्यावर रुग्णाचे नाव, दाखल झाल्याची व घरी सोडल्याची तारीख आणि आंतररुग्ण क्रमांक लिहावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारीख-वेळेसह पोच घ्यावी, म्हणजे ७२ तास कधीपासून मोजायचे याबद्दल वाद राहत नाही.